स्वयंचलित हवामान केंद्राला चोरी आणि छेडछाड यांपासून कसे जपावे: पायापासून पंचनाम्यापर्यंत

महाराष्ट्रात महावेध प्रकल्पामुळे महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांच्या जोडीला शेतकरी उत्पादक कंपन्या, द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार आणि कृषी महाविद्यालयेही आता स्वतःची केंद्रे बसवू लागली आहेत. ही यंत्रणा गावापासून दूर, उघड्या शिवारात, रात्रंदिवस एकटी उभी असते. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत नुकसानभरपाई मिळणार की नाही हे मंडळातील संदर्भ केंद्राच्या नोंदींवर ठरते. म्हणून या यंत्रणेची काळजी दोन अंगांनी घ्यावी लागते. कोणी सुटे भाग काढून नेऊ नयेत हे एक, आणि भाग जागेवर ठेवून कोणी नोंदी बिघडवू नयेत हे दुसरे. केंद्र उभे राहिल्यावर कुलूप लावून ही सुरक्षितता मिळत नाही, ती आराखड्याच्या पहिल्या कागदावरच यायला हवी. या लेखातील पायऱ्या केंद्र तयार करणाऱ्या आणि बसवणाऱ्या अशा दोघांसाठीही आहेत.

पहिली पायरी: हात कोण लावतो, हे लिहून काढा

कागदावर चार रकाने आखावेत. पहिल्यात भंगारात विकण्यासाठी चोरी करणारा माणूस येतो. त्याला हवामान केंद्राशी काही देणेघेणे नसते, त्याला बॅटरी, सौर पॅनेल आणि तांब्याची तार हवी असते. दुसऱ्यात कुतूहलाने किंवा संशयाने हात लावणारे येतात. यांत शाळकरी मुले असतात, तसेच हा कॅमेरा आहे किंवा जमीन मोजण्याचे यंत्र आहे असे वाटणारे लोकही असतात. तिसऱ्यात ज्यांचा आर्थिक हितसंबंध नोंदींशी जोडलेला आहे असे लोक येतात. चौथा रकाना बहुतेक आराखड्यांत राहून जातो, तो आपल्याच देखभाल कर्मचाऱ्यांचा आणि जनावरांचा. खांबाला अंग घासणारी म्हैस, पॅनेलवर बसणारी वानरे, पर्जन्यमापकात काड्या टाकणारे कावळे आणि घाईत पेटीचे झाकण अर्धवट लावून जाणारा तंत्रज्ञ यांच्यामुळेही धोक्याचे संदेश येतात.

प्रत्येक रकान्यासमोर त्या व्यक्तीकडे कोणती हत्यारे असतील आणि तिला किती वेळ मिळेल, हे लिहावे. पाना आणि पक्कड घेऊन आलेल्या माणसाला दहा मिनिटे थोपवणे साध्या खर्चात जमते. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर घेऊन आलेल्याला थोपवणे जवळजवळ अशक्य असते. त्याच्यासाठी उपाय एकच, तो म्हणजे त्याला नेण्याजोगे काही मिळू नये.

दुसरी पायरी: विकण्याजोगे जे आहे ते कमी करा

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिला खर्च लागत नाही, उलट खर्च वाचतो. अनेक केंद्रांवर सवयीने २० ते ४० वॉटचे पॅनेल आणि १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी बसवतात. ही दोन्ही कोणत्याही घरी दिवा लावायला किंवा फवारणीच्या पंपाला चालतात, म्हणून त्यांना गिऱ्हाईक सहज मिळते. प्रत्यक्षात केंद्राला इतकी वीज लागतच नाही.

हिशेब करून पाहू. केंद्र दर १५ मिनिटांनी जागे होऊन माहिती पाठवते असे धरले, तर दिवसात ९६ वेळा मोडेम चालू होतो. प्रत्येक वेळी सरासरी २०० मिलीॲम्पियर प्रवाह ४० सेकंद लागला, तर दिवसाचे सुमारे २१३ मिलीॲम्पियर-तास होतात, म्हणजे ३.८ व्होल्टला साधारण ०.८ वॉट-तास. सेन्सर आणि झोपेतला वापर धरून दिवसाला दीड वॉट-तास पुरतात. कोकणातील आषाढाच्या दिवसांत दिवसभर मिळून एक तासाच्या स्वच्छ उन्हाइतकाच प्रकाश मिळाला, तरी ५ वॉटचे पॅनेल सर्व गळती वजा जाता सुमारे ३ वॉट-तास देते. म्हणजे वहीएवढे पॅनेल पुरते, आणि त्याला बाजारात किंमत नसते.

बॅटरीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा एकच सेल वापरावा. १५ ॲम्पियर-तासांच्या सेलमध्ये ४८ वॉट-तास साठतात, म्हणजे अजिबात ऊन नसले तरी केंद्र तीन आठवड्यांहून अधिक चालते. ज्या सेन्सरला १२ व्होल्ट लागतात, त्याच्यासाठी वाचनाच्या क्षणापुरता व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर चालू करावा. ३.२ व्होल्टवर मोटारसायकल चालत नाही की घरचा इन्व्हर्टर चालत नाही. शिवाय तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य अंदाजे निम्म्यावर येते, त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात बंद पेटीत हा सेल जास्त टिकाऊ ठरतो.

तांब्याच्या बाबतीत हाच विचार लागू करावा. पॅनेल आणि पेटी जवळजवळ ठेवली की केबल हातभर पुरते. अर्थिंगसाठी तांब्याची पट्टी वापरली की ती जमिनीतून उपसून नेली जाते. तिच्याऐवजी जस्ताचा जाड थर दिलेली लोखंडी पट्टी वापरावी आणि ती काँक्रीटच्या पायातूनच खाली उतरवावी.

तिसरी पायरी: पाया, खांब आणि उंची

काळ्या मातीत उथळ पाया घेऊ नये. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे दोन-तीन हंगामांत खांब कलतो. मग एक तर पर्जन्यमापक तिरका होतो, नाही तर कोणीही खांब हलवून उपटू शकतो. मुरूम लागेपर्यंत खणावे आणि पायाचे बोल्ट एकमेकांना सळईने जोडून काँक्रीटमध्ये गाडावेत. खांबाच्या तळपट्टीवर नट आवळल्यानंतर त्यांवर काँक्रीटचा छोटा उतरता थर द्यावा, म्हणजे नट दिसत नाहीत आणि पाणीही साचत नाही.

उंची ठरवताना सुरक्षितता आणि मोजमाप यांची गाठ पडते. हवेचे तापमान जमिनीपासून १.२५ ते २ मीटरवर मोजावे असा जागतिक हवामान संघटनेचा संकेत आहे आणि पर्जन्यमापकही खालीच असतो, त्यामुळे हे दोन सेन्सर हाताच्या उंचीवर राहणारच. त्यांना चोरांच्या भीतीने चार मीटरवर नेले, तर चोरी टळेल पण नोंद निरुपयोगी होईल. याउलट पॅनेल, बॅटरी आणि मुख्य पेटी यांना खाली ठेवण्याचे काहीच कारण नाही. ती साडेतीन ते चार मीटरवर न्यावीत, म्हणजे शिडीशिवाय तिथे पोहोचता येत नाही, आणि रात्री शिवारातून शिडी घेऊन जाणारा माणूस लोकांच्या नजरेत येतो. पर्जन्यमापक वेगळ्या आखूड खांबावर असावा. त्याच्या तोंडाच्या वर कोणताही अडथळा जितका उंच असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवावा.

कुंपण जाळीचेच असावे. पत्रा किंवा भिंत घातली की वारा अडतो, जमीन तापते आणि आत शिरलेला माणूस बाहेरून दिसत नाही. फाटकाची एक बारीक गोष्ट गवंडी आणि वेल्डर दोघांच्याही लक्षात राहत नाही. दोन्ही बिजागऱ्यांच्या खुंट्या वरच्या दिशेने असल्या, तर कुलपाला हात न लावता फाटक उचलून बाजूला ठेवता येते. म्हणून वरच्या बिजागरीची खुंटी खाली तोंड करून बसवावी.

कुंपणात किंवा पेटीत वीजप्रवाह सोडण्याचा विचार कोणीही करू नये. रानडुकरांसाठी सोडलेल्या प्रवाहाने माणसे दगावल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. असे करणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि केंद्रापर्यंत प्रथम पोहोचणारा बहुधा आपलाच माणूस किंवा एखादे लहान मूल असते.

चौथी पायरी: नट-बोल्ट आणि पेटी

साध्या षट्कोनी नटाऐवजी पॅनेलच्या आणि पेटीच्या पकडींना शिअर नट लावावेत. या नटाचा खालचा भाग गुळगुळीत शंकूच्या आकाराचा असतो आणि वरचा षट्कोन एका बारीक मानेने त्याला जोडलेला असतो. पान्याने आवळत गेल्यावर ठरावीक जोर आला की मान तुटते, षट्कोन हातात येतो आणि बोल्टवर उरलेल्या शंकूला कोणताही पाना पकडू शकत नाही. मात्र तो बसवण्यापूर्वी आटे कोरडे ठेवू नयेत. स्टेनलेस स्टीलचे आटे एकमेकांना घासून मध्येच जाम होतात, नट पूर्ण बसण्याआधीच मान तुटते आणि पकड ढिली राहते. आट्यांना न चिकटू देणारी पेस्ट लावावी. कोकण आणि गोव्याच्या किनारी भागात खारी हवा असल्याने ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे. ॲल्युमिनियमची चौकट आणि स्टीलचा बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर घालावा, नाही तर ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

जो भाग देखभालीसाठी वर्षातून उघडावा लागतो, तिथे शिअर नट लावू नये. तिथे मधोमध खुंटी असलेला टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेचा) स्क्रू पुरेसा आहे. त्याचा पाना बाजारात मिळतो हे खरे, परंतु तो भुरट्या चोराच्या खिशात नसतो. खांबाला पॅनेल वेल्डिंगने जोडण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, तो मला मान्य नाही. वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो, दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज धरतो, आणि पॅनेल बदलायची वेळ आली की आपल्यालाच कटर आणावा लागतो.

पेटी आयपी ६६ आणि आयके १० दर्जाची असावी. आयपी ६६ म्हणजे धूळ आणि पाण्याचा जोरदार फवारा आत न येऊ देणारी. आयके १० म्हणजे २० जूलचा आघात सोसणारी. साध्या प्लास्टिकची पेटी उन्हाने ठिसूळ होते आणि दगडाने फुटते, म्हणून अतिनील किरणांना टिकणारे पॉलिकार्बोनेट किंवा ओतीव ॲल्युमिनियम घ्यावे. पेटी खांबाला धरणारे बोल्ट पेटीच्या आतून आवळलेले असावेत, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय पेटी निघत नाही. केबल नेहमी तळातूनच आत घ्यावी. पॅनेलच्या पाठीवर आणि चौकटीवर संस्थेचे नाव व क्रमांक कोरावा आणि पाठ भडक रंगाने रंगवावी. रंगवलेले आणि नाव कोरलेले पॅनेल दुसऱ्याच्या छपरावर लगेच ओळखू येते, त्यामुळे विकत घेणाराही कचरतो.

पाचवी पायरी: छेडछाड ओळखणारी जोडणी

झाकणावर सूक्ष्म स्विच आणि पेटीच्या आत प्रकाश ओळखणारा सेन्सर असे दोन्ही लावावेत. नुसता चुंबकी रीड स्विच पुरेसा नाही, कारण बाहेरून मोठा चुंबक धरला की तो फसतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक केबलमध्ये एक जादा तारजोडी घेऊन तिचे वेटोळे पूर्ण करावे आणि तिच्या दूरच्या टोकाला १० किलो-ओहमचा रोध (रेझिस्टर) जोडावा. पेटीच्या बाजूलाही तेवढाच रोध ३.३ व्होल्टकडे लावला की सर्व ठीक असताना मधल्या बिंदूवर १.६५ व्होल्ट दिसतात. केबल कापली तर ते ३.३ होतात, आणि कोणी तारा एकत्र पिळून फसवू पाहिले तर शून्य होतात. म्हणजे एकाच वाचनातून तिन्ही अवस्था वेगळ्या कळतात.

ही जोडणी सतत चालू ठेवली तर १६५ मायक्रोॲम्पियर प्रवाह वाया जातो. तो वाचवण्यासाठी काही जण मोठे रोध घालतात, परंतु पावसाळ्यात जोडपट्टीवर ओल धरली की मोठ्या रोधांत गळतीचा प्रवाह मिसळतो आणि खोटे इशारे सुरू होतात. रोध १० किलो-ओहमचेच ठेवावेत आणि प्रोसेसरच्या पिनने दर सेकंदाला एकच मिलिसेकंद व्होल्टेज द्यावे. सरासरी प्रवाह हजार पटींनी घटतो आणि ओलीचाही त्रास होत नाही.

खांब हलवला जात आहे हे कळण्यासाठी मुख्य सर्किटवरच त्वरणमापक चिप असावी, परंतु तिच्याकडून धक्क्यापेक्षा कल विचारावा. वादळात खांब थरथरतो आणि म्हैस धडकली तरी धक्का बसतो, पण त्यानंतर खांब पुन्हा सरळ होतो. कल १० अंशांहून अधिक झाला आणि काही सेकंद तसाच राहिला, तरच इशारा द्यावा. भर दुपारी पॅनेलचे व्होल्टेज एकदम शून्य झाले, तर तेही इशाऱ्याचेच कारण आहे.

मुख्य बॅटरी काढल्यावर शेवटचा संदेश जाईल एवढी वीज सर्किटवर वेगळी साठवलेली हवी. जुन्या जीएसएम जाळ्यावर बोलताना मोडेम क्षणभर २ ॲम्पियरपर्यंत प्रवाह ओढतो, त्यामुळे नाण्यासारखा छोटा सेल इथे चालत नाही. पक्का सोल्डर केलेला छोटा पुनर्भारणक्षम सेल किंवा योग्य सुपरकपॅसिटर लागतो. संदेश कोणाला जातो याला तितकेच महत्त्व आहे. पुण्यातल्या कार्यालयातील संगणकावर रात्री दोन वाजता लाल दिवा लागून उपयोग नाही. जमीनमालक, ग्रामपंचायतीचा कर्मचारी आणि संस्थेचा तंत्रज्ञ अशा तिघांनाही स्वयंचलित फोन जावा. रात्री संदेशापेक्षा फोनच उठवतो. देखभालीपूर्वी तंत्रज्ञाने यंत्राला तसे कळवण्याची सोय ठेवावी, नाही तर प्रत्येक भेटीत खोटे फोन जातील आणि लोक खरा फोनही उचलेनासे होतील.

सहावी पायरी: नोंदींशी होणारी छेडछाड

पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास २०० मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस हा ३१.४ मिलिलिटर पाण्याइतका असतो. या हिशेबाने एक लिटरची बाटली जवळजवळ ३२ मिलिमीटर पाऊस ठरते. एका बाटलीने मंडळातील शेकडो शेतकऱ्यांचा विम्याचा हिशेब चुकू शकतो, कधी एकाच्या फायद्यासाठी आणि बाकीच्यांच्या तोट्यासाठी. म्हणून ही पायरी मी चोरीपेक्षाही गंभीर मानतो.

यावर कुलूप हा उपाय नाही, कारण मापकाचे तोंड उघडेच राहणार. इथे सेन्सर एकमेकांचे साक्षीदार होतात. खरा पाऊस येतो तेव्हा आर्द्रता चढते, तापमान उतरते, सूर्यप्रकाश घटतो आणि शेजारच्या मंडळांतही काही ना काही नोंद होते. लख्ख उन्हात, ४० टक्के आर्द्रता असताना मापकाची बादली (ठरावीक पाऊस साठला की उलटणारे आतले छोटे भांडे) पाच मिनिटांत शंभर वेळा उलटली, तर ती नोंद संशयास्पद ठरवावी. ०.२ मिलिमीटरच्या बादलीने मिनिटाला २० वेळा उलटणे म्हणजे ताशी २४० मिलिमीटरचा वेग होतो, आणि असा वेग खऱ्या पावसात फारच थोडा वेळ टिकतो. तापमानाच्या सेन्सरवर ओले फडके टाकले तर तापमान उतरते, पण आर्द्रता एकदम शंभराकडे जाते आणि वाऱ्याच्या नोंदीत त्याला काहीच आधार सापडत नाही.

संशयास्पद नोंद कधीही पुसू नये. ती मूळ स्वरूपात ठेवून तिच्यावर खूण करावी, कारण ढगफुटीची खरी नोंदही पहिल्या नजरेत संशयास्पद दिसू शकते. यंत्रातली प्रत्येक नोंद मागच्या नोंदीच्या सांकेतिक स्वाक्षरीशी जोडावी, म्हणजे मधली एखादी ओळ बदलली किंवा काढली तर साखळी तुटल्याचे लगेच दिसते. झाकण उघडल्याची, वीज गेल्याची आणि घड्याळ बदलल्याची नोंदही याच साखळीत हवी.

सातवी पायरी: सिम, किल्ल्या आणि प्रोग्रॅम

चोरीला गेलेल्या केंद्रातील सिम दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये चालू लागले तर बिल आपल्याला येते. यंत्रांसाठी असलेले १३ अंकी क्रमांकाचे सिम घ्यावे, शक्य असेल तर सर्किटवर सोल्डर केलेले. ते त्याच मोडेमच्या आयएमईआय क्रमांकाशी बांधून घ्यावे आणि त्यावरची बाकीची इंटरनेट वापरण्याची सोय कंपनीकडून बंद करून घ्यावी.

प्रत्येक केंद्राची सांकेतिक किल्ली, म्हणजे नोंद त्याच केंद्राची आहे हे पटवणारा गुप्त संकेत, वेगळी असावी. सगळ्या केंद्रांना एकच किल्ली दिली, तर एक केंद्र चोरीला गेल्यावर सगळ्यांच्या नावाने खोट्या नोंदी पाठवता येतात. प्रोसेसर म्हणून ईएसपी ३२ चिप वापरत असाल तर फ्लॅशचे (प्रोग्रॅम साठवणाऱ्या स्मृतीचे) सांकेतिकीकरण आणि सुरक्षित बूट (फक्त आपलाच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू करावे. एसटीएम ३२ चिपमध्ये वाचनबंदी लावावी आणि छेडछाडीच्या पिनला झाकणाचा स्विच जोडावा, म्हणजे झाकण उघडताच राखीव रजिस्टरमधील किल्ली पुसली जाते. मात्र अशा रचनेत देखभालीनंतर नवी किल्ली देण्याची पद्धत आधी ठरवलेली हवी, नाही तर तंत्रज्ञाने झाकण उघडले की केंद्र मुके होईल.

आठवी पायरी: गाव आणि फलक

केंद्रावर मोठ्या अक्षरांत मराठी फलक लावावा. हे यंत्र पाऊस, वारा आणि तापमान मोजते, यात कॅमेरा नाही, यातील बॅटरी व पॅनेल घरगुती वापराला चालत नाही, आणि या नोंदींवर गावाचा पीक विमा अवलंबून आहे, एवढे स्पष्ट लिहावे. खाली चोवीस तास लागणारा फोन क्रमांक द्यावा. बसवण्याच्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि आसपासचे शेतकरी यांना बोलावून पेटी उघडून दाखवावी. आत काय आहे हे ज्याने पाहिले, तो दुसऱ्यांना सांगतो. नोंदी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी साडेआठनंतर पाठवल्या, तर दोन आठवड्यांत लोक त्यांची वाट पाहू लागतात, आणि नोंद आली नाही की स्वतःहून फोन करतात. रखवालदार नेमण्यापेक्षा ही व्यवस्था मला अधिक भरवशाची वाटते.

नववी पायरी: घटना घडलीच तर

प्रत्येक भागाचा अनुक्रमांक, बिल आणि बसवल्यानंतरची छायाचित्रे आधीपासून एका ठिकाणी जपलेली हवीत, कारण पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न तोच येतो. फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीची होते. चोरीचा माल घेणाऱ्याला कलम ३१७ लागू होते. केंद्र सरकारी मालकीचे असेल तर सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा, १९८४ याचाही उल्लेख करावा. पंचनामा होईपर्यंत उरलेल्या भागांना हात लावू नये, आणि यंत्राने पाठवलेल्या शेवटच्या संदेशाची वेळ फिर्यादीत नोंदवून घ्यावी.

त्यानंतर केंद्र लवकर उभे राहणे महत्त्वाचे असते, म्हणून प्रत्येक तालुक्यात पॅनेल, सेल, सर्किट आणि शिअर नट यांचा एक संच तयार ठेवावा. खंड पडलेल्या काळातील नोंदी शेजारच्या केंद्रावरून भरल्या, तर त्या भरलेल्या आहेत अशी खूण ठेवावी. पर्जन्यमापक पुन्हा बसवल्यावर पाणसळ लावून तो समतल आहे हे पाहावे, केंद्र देखभालीच्या अवस्थेत ठेवावे आणि ३१४ मिलिलिटर पाणी अर्ध्या तासात थेंबाथेंबाने सोडावे. यंत्राने १० मिलिमीटर, म्हणजे ०.२ मिलिमीटरच्या बादलीचे ५० उलटे दाखवले, तर मापक बरोबर आहे. दोन-तीन उलट्यांहून अधिक फरक असेल तर बादलीचे तळस्क्रू जुळवून चाचणी पुन्हा घ्यावी, दोन्ही वाचने तारखेसह नोंदवहीत लिहावीत आणि मगच केंद्र नेहमीच्या अवस्थेत आणावे.